थोडं मार्जिन ठेवलेलं बरं

२ जानेवारी, सकाळी सहा

नवी डायरी. ऑफिसात प्रत्येकाला एकेक वाटली. बाकीच्यांनी घरी नेऊन मुलांना रेघोट्या मारायला दिली असणार. मी लिहिणार. फक्त स्वतःसाठी, त्यामुळे खोटं लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

संकल्प: सकाळी फिरायला जाणे. साखर बंद. स्वयंपाक एकापुरताच करणे. ऑफिसात चिडणे नाही.

आज फिरायला गेलो नाही, कारण डायरी लिहायला बसलो. उद्यापासून.

ही (म्हणजे बायको; इथे समजावून सांगायला कोणी नाही, पण सवय) लेकीकडे जाऊन बरेच महिने झाले. बाळंतपणाला म्हणून गेली. लवकरच येते म्हणाली होती. मग बाळाला सर्दी झाली, मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग बाळाला दात आले. एवढ्याशा माणसाची केवढी ती कामं! मी कधी अडवलं नाही. मी तसा समजूतदार नवरा. शिवाय घरात शांतता आहे, आणि डिझाइनच्या माणसाला शांतता लागतेच.

३ जानेवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अंड्यांचे ट्रे बनवणारा एक कारखाना आहे. रद्दी भिजवून लगदा करतात, लगद्याचे ट्रे काढतात आणि ते गरम हवेच्या बोगद्यातून वाळवतात. ती हवा तापवायला गॅस बर्नर हवाय. निवडायचा, डिझाइन करायचा, बसवून चालू करून द्यायचा. साहेब म्हणाले, हे काम तुम्हीच घ्या. नंतर कळलं की बाकीचे दोघे रजेवर आहेत. पण ते असते तरी मलाच दिलं असतं. अनुभव नावाची काही चीज असते.

भात जास्त झाला. डबा भरून फ्रिजमध्ये.

५ जानेवारी, संध्याकाळ

कारखाना पाहिला. ओल्या रद्दीचा वास, जमिनीवर पाणी, पट्ट्यावरून करड्या रंगाचे ओले ट्रे हळूहळू सरकत जाताना. मालकीणबाई स्वतः सगळं बघतात. चष्मा दोरीने गळ्यात, आवाज अगदी बारीक. त्यांचं म्हणणं असं की सध्या एकच मशीन आहे, दुसरं घ्यायचं की नाही हे ठरलेलं नाही, आणि तेही बरेच दिवस सावकाश चालवतात. त्यांचा जुना डिझेल हीटर धाडकन पेटतो, धाडकन विझतो, आणि त्या झटक्यांनी ट्रे वाकतात. म्हणून आच थोडी असली तरी चालेल पण सारखी हवी, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

मी म्हटलं, बाई, निश्चिंत राहा. मग त्यांना माझ्या आजवरच्या कामांची थोडक्यात माहिती दिली. तोवर चहा दोनदा आला. शेवटी त्या घड्याळाकडे बघत होत्या. भारावल्या असाव्यात.

निघताना त्यांनी अंड्यांनी भरलेला अख्खा ट्रे हातात ठेवला. तीस अंडी. मी म्हटलं, घरी एकटाच आहे. त्या म्हणाल्या, मग अर्धी देऊ का? मी म्हटलं, असू द्या, थोडं मार्जिन असलेलं बरं.

७ जानेवारी, रविवार

रविवार म्हणजे फोनचा दिवस. कागदावर मुद्दे काढून ठेवले होते, त्यामुळे काही राहून जात नाही. हिला बर्नर सविस्तर समजावला: हवेच्या डक्टच्या आतच ज्योत असते, दोन्ही बाजूंनी हवा जाते, वगैरे. तासभर बोललो. ही हूं हूं करत होती. इंटरेस्ट आहे तिला.

मग मध्येच म्हणाली की रविवारी एवढं बोलण्यापेक्षा रोज दोन मिनिटं फोन का करत नाही? जेवलात का, काय केलंत, एवढंच. मी समजावलं की दोन मिनिटांत कुठलाही विषय पुरा होत नाही. आठवड्यात एकदाच पण भरपूर, हे माझं धोरण आहे. ती म्हणाली, बरं. पटलं तिला.

नातवाला फोन दिला. त्याने बराच वेळ नुसता श्वास घेतला. हुशार आहे.

९ जानेवारी

हिशेबाला बसलो. खरं तर सोपं असतं. हवा किती, ती किती गार येते, किती तापवायची, ट्रेमधलं पाणी किती उडवायचं. एवढ्यावरून उष्णता निघते. पण खरा इंजिनिअर तिथे थांबत नाही. समजा वर्षातली सगळ्यांत थंड सकाळ आहे. समजा ट्रे नेहमीपेक्षा ओले आहेत. समजा डक्ट कुठे गळतोय. समजा बाईंनी दुसरं मशीन घेतलं. समजा तिसरं घेतलं. प्रत्येक समजाला वीस टक्के. आकडा चांगला भरदार निघाला. बघून समाधान वाटलं.

संध्याकाळी चार अंडी उकडली. मग वाटलं, भूक लागली तर? आणखी दोन टाकली. भूक लागली नाही.

१० जानेवारी

सकाळी अंडी. दुपारी डब्यात अंडी. साहेब म्हणाले, खिडकी उघडा.

१६ जानेवारी

बर्नर कंपनीचा माणूस आला. टोपीवर कंपनीचं नाव, हातात चकचकीत कॅटलॉग. यांचा बर्नर म्हणजे ओतीव लोखंडाचे हातभर लांबीचे तुकडे. ते एकापुढे एक बोल्टने जोडायचे, की जितका हवा तितका लांब बर्नर तयार. कल्पना चांगली आहे. मलाही सुचली असती.

मी माझा आकडा सांगितला. तो म्हणाला, हा जास्तीत जास्त झाला, कमीत कमी किती लागेल? मी म्हटलं, कमीत कमीचं काय करायचंय? लोक ताकद विकत घेतात, अशक्तपणा नाही. तो म्हणाला, बर्नर मोठ्या ज्योतीवर वर्षातून चार दिवस चालतो, बाकी सगळं आयुष्य बारीक ज्योतीवरच काढतो. बारीक ज्योत किती खाली उतरू शकते, ते आधी बघायचं. त्याला म्हणे टर्नडाउन म्हणतात. मला टर्नडाउन शिकवतोय! मी हसून विषय बदलला. हे विक्रीवाले लोक, महागातलं काहीतरी गळ्यात मारायचं असतं.

(नंतर लक्षात आलं की तो छोटा बर्नर घ्या म्हणत होता, आणि छोटा तर स्वस्त असतो. पण त्यातही काहीतरी डाव असणारच.)

फिरायला जाणे: सोमवारपासून. आठवड्याच्या मध्यात नवीन काही सुरू करू नये.

२२ जानेवारी

साहेबांनी माझं डिझाइन वाचलं. म्हणाले, जरा मोठा नाही का वाटत? मी एकेक समजा समजावून सांगितला. शेवटी त्यांनीच आकडा खोडून दहा टक्क्यांनी वाढवला आणि सही केली. म्हणाले, असू दे. दोन मोठी डोकी एकाच दिशेने चालली की असं होतं. ऑर्डर गेली.

२८ जानेवारी, रविवार

फोन. आज विषय गॅसचा दाब. रेग्युलेटर, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, त्यांच्यामधली गळती कशी तपासतात, सगळं सांगितलं. मध्ये ही लायब्ररीबद्दल काहीतरी म्हणत होती. पुस्तकं वाचते वाटतं. चांगलं आहे, वेळ जातो. मी म्हटलं, दाबाचं संपवू दे, मग तुझं सांग. दाबाचं संपलं तेव्हा ती म्हणाली, बाळ उठलंय.

ट्यूबलाइट गेली आहे हॉलमधली. हिच्या हाताला बरोबर लागते, स्टूलवर न चढता. कशी काय कोण जाणे. मी स्वयंपाकघरातच बसतो. तिथला उजेड पुरतो.

६ फेब्रुवारी

आज दिवसभरात माझ्याशी बोललेली माणसं: साहेब, प्यून, आणि लिफ्टमध्ये एक बाई, त्याही म्हणाल्या की तिसरा दाबा. मी तिसरा दाबला. हे कशासाठी लिहिलं माहीत नाही. नोंद असावी म्हणून.

११ फेब्रुवारी, रविवार

आज लेकीने फोन घेतला. बाबा, पंधरा मार्चला बाळाचा पहिला वाढदिवस आहे, तुम्ही यायचंच. बाळ एक वर्षाचं होणार. म्हणजे ही जाऊन... असो.

मी म्हटलं, मार्चच्या मध्यात माझा बर्नर चालू व्हायचाय, मी जागचा हलू शकत नाही. मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मी म्हटलं, तारीख मीच ठरवणार आहे, तेव्हा बर्नर पंधरालाच पेटवू. तुम्ही सगळे इकडे या. आईला घेऊन या. सकाळी माझी ज्योत, संध्याकाळी बाळाची मेणबत्ती. हिने इतक्या वर्षांत माझं एकही काम चालू होताना पाहिलेलं नाही. नेहमी म्हणायची, तुम्ही दिवसभर काय करता तेच कळत नाही. आता कळेल.

फोन हिच्याकडे गेला. ही म्हणाली, बघते. म्हणजे येणार. तिचं बघते म्हणजे होच असतं.

१३ फेब्रुवारी

ती आली की परत कशाला जाईल? तिचं सामान इथे, तिची खिडकीतली खुर्ची इथे. बाळ आता चालायला लागेल, त्याला आजी सारखी लागणार नाही. आणि माझी ज्योत पाहिल्यावर तर प्रश्नच नाही. हे सगळं एका झटक्यात मार्गी लागणार आहे.

साखर आजपासून पूर्ण बंद. (चहातली सोडून.)

२० फेब्रुवारी

बाल्कनीतल्या हिच्या कुंड्या. सात होत्या, सगळ्या वाळल्या. माझी चूक नाही. मधले काही आठवडे लक्ष गेलं नाही, पण लक्षात आल्यावर मी एका रविवारी बादलीभर पाणी घातलं होतं, प्रत्येकीला. त्यानंतर उरलेल्याही गेल्या. झाडं नाजूक निघाली.

नर्सरीत जाऊन हुबेहूब तशीच सात आणली. नर्सरीवाल्याने विचारलं, रोज थोडं पाणी घालायला घरी कोणी आहे ना? मी म्हटलं, येणार आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

घर आवरलं. पलंगावरच्या दोन्ही चादरी बदलल्या, तिच्या बाजूचीही. ती बाजू तशी मळली नव्हती. फ्रिजमधले डबे बाहेर काढले. पंचवीसेक तरी होते, काहींत काय होतं तेच ओळखू येईना. सगळ्यांत दोन माणसांचा अंदाज. हात काही ऐकत नाही.

फोनवर हिला येण्याचं विचारलं नाही. आग्रह करायचा नाही, तिला स्वतःहून वाटू दे. बर्नरच्या लांबीबद्दल बोललो.

३ मार्च, रविवार

ही म्हणाली, पंधराला वाढदिवस इथेच करायचं चाललंय, बाळाला प्रवासात त्रास होईल. तुम्हीच या, दोन दिवसांकरता तरी. मी म्हटलं, तुला एकटीलाही येता येईल. ती म्हणाली, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मी इथे नको? मी म्हटलं, विचार कर. ती म्हणाली, तुम्ही पण करा.

तिला आयत्या वेळी येऊन मला चकित करायचं असेल. कारखान्याचा पत्ता तिला मेसेज केलाय. फाटकापासून कुठे वळायचं तेही.

१२ मार्च

बर्नर बसला. काय लांबी! डक्टच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आत ज्योत बघायला बाहेरून छोटी काचेची खिडकी आहे. ती मी स्वतः फडक्याने पुसली. हिला पुढे उभं करून दाखवायचं आहे.

बर्नरवाला आला होता. लांबी बघून म्हणाला, बाप रे. लोकांना मोकळेपणाने कौतुक करता येत नाही.

१५ मार्च, सकाळी सात

आज. इस्त्रीचा शर्ट. फिरायला जायला हवं होतं, पण आज शक्ती राखून ठेवायची आहे.

१५ मार्च, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी आहे.

साहेब आले, बाई आल्या, बर्नरवाला आला. मी फाटकाकडे लक्ष ठेवून होतो. दहापर्यंत थांबायला सांगितलं, कारण विचारलं तर म्हटलं, गॅसचा दाब स्थिर होऊ दे. दाब केव्हाचा स्थिर होता. साडेदहाला बाई म्हणाल्या, ट्रे पट्ट्यावर थांबलेत. पेटवला.

पेटताना मात्र काय पेटला! खिडकीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी भिंत. आवाजाने पत्रे थरथरले. मी मागे वळून बघितलं, कोणाला तरी दाखवायला. मागे पट्ट्यावर काम करणाऱ्या दोन बायका कानावर हात ठेवून उभ्या होत्या.

मग तापमान चढलं. चढतच गेलं. मी ज्योत बारीक करायला सांगितली. बर्नरवाला म्हणाला, झालीय, याहून बारीक होत नाही. या बर्नरची सगळ्यांत बारीक ज्योतच त्या एका मशीनला जास्त होत होती. तापमान हद्दीबाहेर गेल्यावर सेफ्टीने गॅस बंद केला. धाडकन विझला. मग नियमाप्रमाणे पुन्हा पेटवण्याआधी ब्लोअर नुसती गार हवा मारत राहिला, डक्टमध्ये गॅस साचलेला असू नये म्हणून. ट्रे तोवर गारठले. मग पुन्हा धाडकन पेटला. पुन्हा विझला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच.

ट्रे कडेला करपलेले, मध्ये ओले. बाईंनी एक हातात घेतला तर मधोमध वाकून लोंबला. त्या ओरडल्या नाहीत. त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, जुना हीटरही असंच करायचा.

साहेब म्हणाले, बघू. दहा टक्के त्यांचे होते, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

ही आली नाही. दुपारी लेकीने फोटो पाठवला. बाळ, एक मेणबत्ती, आणि ही त्याच्या मागे, हात धरून. हसतेय. माझ्याकडे बघून हसतेय असं आधी वाटलं, मग लक्षात आलं, कॅमेरा लेकीच्या हातात असणार.

फोन केला नाही. आज रविवार नाही.

१७ मार्च, रविवार

मुद्दे काढायला बसलो. एकही मुद्दा निघाला नाही. बर्नरचं काय सांगायचं? रिकाम्या हाताने फोन करणं बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी दोन्ही मिळून करू.

संध्याकाळी फोन वाजला म्हणून धावलो, तर बँकेचं कर्ज घ्या म्हणणारी मुलगी. तिच्याशी बराच वेळ बोललो. शेवटी तिनेच ठेवला.

१९ मार्च

चौकशीची बैठक. एवढा मोठा आकडा आला कुठून, हे शोधायचं होतं. मी ताठ मानेने म्हटलं, बाईंनी दिलेल्या गरजेवरून. मग उलगडत गेलं. बाईंच्या सुपरवायझरने गरज सांगतानाच कमी पडायला नको म्हणून वाढवून सांगितली होती. बाईंनी त्यावर आणखी थोडी जास्त धरली. मग माझे समजा. मग साहेब. बर्नरवाल्याला तुकडे पूर्ण आकड्यातच जोडता येतात, म्हणून त्यानेही एक वर चढवला. प्रत्येकाने गुपचूप आपापलं मार्जिन ठेवलं आणि कोणी कोणाला सांगितलं नाही.

यात माझा वाटा सगळ्यांत मोठा आहे असं साहेबांनी कागदावर मांडून दाखवलं. कागद त्यांचाच होता, तेव्हा असणार.

बाई म्हणाल्या, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, थोडी पण सारखी. मी म्हटलं, मी ते लिहून घेतलंय. घरी येऊन पाहिलं. खरंच लिहून घेतलंय. पाच जानेवारी.

२१ मार्च

रात्रीचं जेवण: दोन अंडी. बाईंनी परत एक ट्रे दिला होता. करपलेल्या ट्रेमध्ये घालून. मुद्दाम नसावं.

घरात फार एकटं वाटतं. लिहून टाकलं. हॉलमधली ट्यूब बंद असल्यामुळे असेल.

२३ मार्च, दुपार

उपाय बर्नरवाल्याने काढला. बर्नर तुकड्यांचाच आहे, तर निम्म्याहून जास्त तुकडे काढून टाकायचे आणि उरलेल्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा लावून हवेची वाट अरुंद करायची, म्हणजे ज्योतीला हवा बेताची मिळते. मी म्हटलं, हेच सुचवणार होतो. त्याने पाना पुढे केला. बोल्ट मीही सोडवले. गंजले नव्हते, तरी सुटताना जिवावर येत होतं.

पेटवला. आवाज नाही. मला वाटलं पेटलाच नाही. खिडकीला डोळा लावला. आत बोटभर उंचीची निळी रांग, पसरलेली, थरथरत नाही, वाढत नाही. बघण्यासारखं काहीच नाही त्यात. तापमानाचा काटा एका जागी बसला आणि तिथेच राहिला. बाकीचे ट्रे बघायला पट्ट्याच्या त्या टोकाला गेले. मी बराच वेळ खिडकीपाशीच होतो. का ते सांगता येत नाही. एवढ्याशा ज्योतीने एवढा मोठा बोगदा तापतोय, आणि कोणाला कळतही नाहीये.

ट्रे कडक, पांढुरके, सरळ. बाईंनी बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मला म्हणाल्या, हेच मागितलं होतं.

काढलेले तुकडे ऑफिसात आणले. पॅसेजमध्ये ठेवले तर प्यून अडखळला. आता माझ्या टेबलाखाली आहेत. पाय ठेवायला जागा नाही. भविष्यातल्या वाढीसाठी, अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे.

२४ मार्च, रविवार

फोन केला. नेहमी संध्याकाळी करतो, आज सकाळीच केला. ही घरी नव्हती. लेक म्हणाली, आई लायब्ररीत गेलीय. मी विचारलं, रविवारी? पुस्तक बदलायला? लेक म्हणाली, बाबा, आई तिथे काम करते. सकाळी पुस्तकं देते-घेते, रविवारी दुपारपर्यंत असते. जानेवारीपासून. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. लेक म्हणाली, आईने सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही गॅसच्या दाबाचं बोलत होतात.

मग हलक्या आवाजात म्हणाली, आई इथे रमलीय, बाबा. तिची तिची एक छोटी खोली लावलीय आम्ही. तिने तुम्हाला कसं सांगायचं, याचा विचार चाललाय तिचा. तुम्ही तिला बोलायला थोडी जागा द्याल का?

मी म्हटलं, देईन की. मग लेकीला बर्नरचं सांगायला लागलो होतो. थांबलो. ती म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, चालू झाला तो. ती म्हणाली, अरे वा. एवढंच बोललो.

चादरी काढल्या नाहीत. असू देत.

२५ मार्च

कुंड्यांना पाणी घातलं. प्रत्येकीला अर्धा पेला. मग वाटलं, कमी होईल, आणखी... नाही घातलं. बराच वेळ पेला हातात धरून उभा होतो.

फिरायला जाणे याबद्दल आता काही लिहिणार नाही.

२६ मार्च, मंगळवार

ऑफिसातून येऊन शूजसुद्धा काढले नाहीत, लगेच फोन केला. आधी विचार केला असता तर केला नसता. मुद्दे काढले नव्हते.

हिने पहिल्याच रिंगला उचलला. अहो, काय झालं? बरे आहात ना? पडलात का? मी म्हटलं, काही झालं नाही. मग मंगळवारी कसा फोन केलात? मी म्हटलं, सहज. मग मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, आत्ता? साडेपाच वाजलेत.

तिला हसू आलं. मलाही आलं. म्हटलं, लायब्ररीत कसं असतं? तिने सांगायला सुरुवात केली. शिक्का कसा मारतात, एक म्हातारे गृहस्थ रोज तेच पुस्तक परत कसं नेतात. मी मध्ये बोललो नाही. हूं हूं केलं. हूं हूं करायला बरंच काही ऐकावं लागतं, हे माहीत नव्हतं.

मग म्हणाली, मी इतक्यात येत नाहीये. कळलं ना? मी म्हटलं, कळलं. कुंड्यांचं विचारलं तिने. मी म्हटलं, जुन्या मेल्या, नवीन आहेत. ती म्हणाली, माहीत होतं मला, तुम्ही एका रविवारी बादलीभर घातलं असेल. मी म्हटलं, उद्या करतो फोन. ती म्हणाली, उद्या सातला करा, आधी नको, बाळाची आंघोळ असते. ठेवला. दोन-तीन मिनिटं झाली असतील सगळी मिळून.

भात एका माणसाचाच लावला. बरोबर एकाचाच झाला. पोट भरलं नाही.

उद्या सातला काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.